दर अकरा दिवसांनी एक आयुष्य

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरला तिथून प्रवासी विमानं उडू लागली. मधल्या अडीच महिन्यांत आकड्यांचा नुसता वर्षाव झाला. पहिल्या टप्प्याचा खर्च १९,६५० कोटी रुपये. जागा १,१६० हेक्टर. टर्मिनलचं क्षेत्रफळ २ लाख ३४ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास ५८ एकर छताखाली. क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी. यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली. हे सगळं वाचून आपण ‘बाप रे’ म्हणतो आणि पान उलटतो. कोटीतला आकडा डोक्यात शिरतच नाही. तो फोडावा लागतो.

२ कोटींना ३६५ ने भागलं की दिवसाला सुमारे ५५ हजार प्रवासी निघतात. यात येणारे आणि जाणारे दोन्ही आले. इथून नागपूरला जाऊन परतलेला एकच माणूस या हिशेबात दोनदा मोजला जातो. आणि ही पूर्ण क्षमतेची गोष्ट आहे. ती गाठायला काही काळ जाईल. पण ५५ हजार म्हटल्यावर मुंबईकर काही फार हबकणार नाही. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजारांच्या आसपास माणसं असतात. म्हणजे झाल्या बारा लोकल. सकाळी ठाणे स्थानकावर उभं राहिलं तर एवढी माणसं तासाभरात डोळ्यांसमोरून जातात, आणि त्यांच्यासाठी कुणी कमळाच्या पाकळ्यांसारखे खांब उभारलेले नसतात.

मग बारा लोकलच्या माणसांना ५८ एकर कशाला? लोकलचा प्रवासी स्थानकात येतो, चढतो, जातो. विमानाचा प्रवासी दोन तास आधी येतो. विमानतळाची इमारत उड्डाणासाठी लागतच नाही. उड्डाणाला धावपट्टी पुरते. इमारत बांधलेली असते ती या दोन तासांसाठी.

त्या दोन तासांचा हिशेब मांडला की मात्र डोळे पांढरे होतात. ५५ हजारांतले निम्मे, म्हणजे २७,४०० जण, रोज निघणारे. प्रत्येकी दोन तास. एकूण ५४,८०० तास, म्हणजे सव्वासहा वर्षं. एका दिवसात या इमारतीत माणसांची मिळून सव्वासहा वर्षं वाट पाहण्यात जातात. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं धरलं, तर दर अकरा दिवसांनी एक अख्खं आयुष्य, जन्मापासून शेवटच्या श्वासापर्यंत, इथे खुर्च्यांवर आणि रांगांत खर्ची पडणार. वर्षाला तेहतीस आयुष्यं.

टर्मिनलमधल्या तथाकथित सुविधांकडे या आकड्यावरून पाहिलं की त्यांचं रूप बदलतं. सरकते पट्टे, बाग, लाउंज, मसाजच्या खुर्च्या, चित्रं, दुकानं हे आपल्याला इमारतीचं वैभव वाटतं. माझ्या मते ती बहुतेक सगळी भरपाई आहे. इमारत एवढी मोठी आणि तिथला वेळ एवढा लांब, म्हणून प्रवाशाला काहीतरी परत द्यावं लागतं. काही ठिकाणी ते मनापासून देतात, काही ठिकाणी त्याचेही पैसे घेतात.

आधी जागेचं पाहू. कोणत्याही विमानतळावर गर्दी दिवसभर सारखी नसते. वर्षाला २ ते ३ कोटी प्रवासी असतील, तर गर्दीच्या नेहमीच्या तासात वार्षिक संख्येच्या ०.०४ टक्के माणसं येतात-जातात, असा अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा ठोकताळा आहे. २ कोटींचे ०.०४ टक्के म्हणजे तासाला ८ हजार. त्यांतले ४ हजार निघणारे धरले आणि ते दोन तास रेंगाळतात हे लक्षात घेतलं, तर येणारे मिळवून गर्दीच्या वेळी कोणत्याही क्षणी साधारण १० हजार प्रवासी इमारतीत असतील. दर माणशी आले २३ चौरस मीटर, म्हणजे अडीचशे चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात पाच माणसांच्या कुटुंबाला ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, हे सहज आठवलं म्हणून सांगितलं.

पण या २३ चौरस मीटरपैकी प्रवाशाच्या पायाखाली किती येतात? विमानतळ बांधणाऱ्यांची एक जागतिक मार्गदर्शिका आहे. विमान कंपन्यांची संघटना ‘आयाटा’ आणि विमानतळांची संघटना ‘एसीआय’ मिळून ती काढतात. चेक-इनच्या रांगेत माणशी १.३ ते १.८ चौरस मीटर जागा योग्य, असं ती सांगते. सुरक्षा तपासणीच्या रांगेत तर १ ते १.२ चौरस मीटर. म्हणजे ५८ एकरांच्या छताखाली शिरलेल्या माणसाच्या वाट्याला ऐन मोक्याच्या वेळी येते ती पाय ठेवायला आणि बॅग टेकवायला पुरेल एवढी चौकट. तिथे याहून ऐसपैस जागा दिली, तर ही मार्गदर्शिका त्याला चैन समजते. त्या रकान्याचं नावच ‘गरजेपेक्षा जास्त’ असं आहे. उरलेले बावीस चौरस मीटर दुकानांत, बॅगांच्या पट्ट्यांत, कार्यालयांत, वातानुकूलनाच्या नळांत आणि रिकामी दिसणंच ज्यांचं काम आहे अशा दालनांत जातात.

वेळेचंही तसंच. नवी मुंबईच्या टर्मिनलमध्ये चेक-इनचे ६६ काउंटर आहेत आणि प्रवाशाने स्वतःच बॅग सोडायची अशी २२ ठिकाणं. एकूण ८८. गर्दीच्या तासात ४ हजार जण निघणार असतील, तर प्रत्येक काउंटरला तासात ४५ माणसं. एका माणसाला ७९ सेकंद मिळतात. त्यात ओळखपत्र दाखवायचं, बॅग तोलायची, ती १५ किलोंच्या वर भरली म्हणून उघडून लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत घालायची, आणि खिडकीजवळची जागा मागायची. ७९ सेकंदांत हे होत नाही. म्हणून घरबसल्या चेक-इनचा आग्रह, म्हणून कागद न दाखवता चेहऱ्यावरून आत सोडणारी डिजियात्रा. दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीत १ डिसेंबर २०२२ ला ती सुरू झाली तेव्हा तिचं वर्णन सोय म्हणून झालं. सोय आहेच, पण हिशेब पाहिला तर सगळे काउंटरवरच आले असते तर इमारतच पुरली नसती, हेही खरं.

आता चालणं. बीजिंगच्या डाशिंग विमानतळाचं टर्मिनल ७ लाख चौरस मीटरचं आहे, म्हणजे आपल्या नव्या टर्मिनलच्या तिप्पट. ते २०१९ साली सुरू झालं. त्याची रचना झाहा हदीद यांच्या कार्यालयाची, आणि नवी मुंबईचीही त्यांचीच. डाशिंगची खरी करामत त्याच्या क्षेत्रफळात नाही. मधल्या चौकातून पाच हात बाहेर फुटतात, त्यामुळे सर्वांत लांबचं गेट मध्यापासून ६०० मीटरवर, आठ मिनिटांच्या चालीवर येतं. एवढी माणसं सामावणारी इमारत एकाच लांबलचक पट्टीत बांधली असती, तर शेवटचं गेट कुठल्या कुठे गेलं असतं. अवाढव्य विमानतळाने मिरवावा असा सर्वांत मोठा आकडा हा ६०० आहे, कारण तो लहान ठेवायला सर्वांत जास्त डोकं लागलं.

अंतर कमी करता येत नसेल तर सरकता पट्टा टाकतात. हा पट्टा सेकंदाला साधारण अर्धा-पाऊण मीटर सरकतो. माणूस नुसता चालला तरी सव्वा मीटर जातो. म्हणजे पट्ट्यावर उभा राहिलेला प्रवासी शेजारून चालणाऱ्यापेक्षा मागे पडतो. आणि पट्ट्यावर चालणारा? तोही फार पुढे जात नाही, कारण पाय पट्ट्यावर पडला की आपण नकळत चाल मंदावतो. मनोज श्रीनिवासन यांनी प्रिन्स्टनमध्ये असताना २००९ साली यावर गणित मांडलं होतं: शरीर कमीत कमी शक्ती खर्च करायच्या बेतात असतं, त्यामुळे पट्ट्याने दिलेल्या वेगातला काही भाग ते विश्रांतीत वळतं करून घेतं. पॅरिसच्या मेट्रोत मोंपार्नास स्थानकात या शतकाच्या सुरुवातीला ताशी १२ किलोमीटरचा पट्टा टाकून पाहिला. माणसं पडू लागली, वेग ९ वर आणला, शेवटी पट्टा काढून साधा बसवला. तेव्हा सरकता पट्टा वेळ वाचवतो या भ्रमात राहू नये. तो गुडघे वाचवतो, आणि तेवढं पुष्कळ आहे.

मुंबईच्या टी-२ ने अंतरावर वेगळा उपाय काढला. २०१४ साली ते टर्मिनल उघडलं तेव्हा आतल्या लांबच लांब वाटांवर राजीव सेठी यांच्या देखरेखीखाली ‘जय हे’ नावाचं संग्रहालयच मांडलं होतं: ३ किलोमीटरची भिंत आणि ५ हजारांहून जास्त कलावस्तू. जुने दरवाजे, झरोके, मूर्ती, मुखवटे. देशातल्या पुष्कळ संग्रहालयांत वर्षभरात येत नसतील एवढी माणसं इथे एका दिवसात समोरून जातात. थांबतात किती, हा प्रश्न वेगळा. ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाचं लक्ष गेटच्या क्रमांकावर असतं. पण रेटत नेणारी वाट पाहण्याजोगी करणं ही कल्पना मला आवडते.

चालण्याचा खरा दर कळतो तो व्हीलचेअरच्या रांगेत. अमेरिकेत मुला-मुलींकडे चार-सहा महिने राहून परतणाऱ्या आई-बाबांची विमानं आठवा. उतरताच दाराशी व्हीलचेअरची रांग लागलेली असते, आणि तिच्यात घरी रोज सकाळी तळजाईची टेकडी चढून येणारे काकाही असतात. लोक त्यावर हसतात. मला त्यात हसण्यासारखं वाटत नाही. काकांना पाय आहेत. त्यांना भीती आहे ती दुबईत किंवा फ्रँकफर्टला विमान बदलताना दीड किलोमीटर चालून, आगगाडीसारखी गाडी पकडून, इंग्रजी पाट्या वाचत, पन्नास मिनिटांत योग्य गेट सापडेल का याची. खुर्चीबरोबर वाट माहीत असलेला एक माणूस मिळतो. तो माणूस हीच त्या अख्ख्या इमारतीतली सर्वांत मोठी सुविधा आहे, आणि ती मागायला आपण अपंग असल्याचं सांगावं लागतं, यात दोष काकांचा नाही.

बॅगांच्या बाबतीत भव्यतेची हौस एका शहराला फार महागात पडली. अमेरिकेतल्या डेन्व्हरला बॅगा माणसांनी वाहायच्याच नाहीत, संगणकाने चालणाऱ्या छोट्या गाड्या रुळांवरून त्या गेटपर्यंत नेतील, असं ठरलं. १९९४ साली पत्रकारांना चाचणी दाखवली तेव्हा गाड्यांनी बॅगा फेकल्या, चिरडल्या, आतले कपडे रुळांवर पसरले. बांधून तयार असलेला विमानतळ १६ महिने उशिरा, फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडला, आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला १० लाख डॉलरहून जास्त खर्च होत राहिला. मोडकीतोडकी उरलेली ती यंत्रणाही २००५ मध्ये बंद केली. बॅगा पुन्हा माणसं आणि ट्रॅक्टर ओढू लागले.

जगभरात २०२४ साली दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगा चुकल्या, उशिरा आल्या किंवा फुटल्या, असं ‘सिटा’ या कंपनीचा अहवाल सांगतो. २००७ मध्ये हेच प्रमाण जवळपास १९ होतं, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरी हजारी ६.३ हा दर २७,४०० प्रवाशांना लावला तर रोज १७३ बॅगा होतात. देशांतर्गत थेट विमानात हे प्रमाण बरंच कमी असतं. बॅगा हरवतात त्या मुख्यतः मधे विमान बदलताना. आपल्याकडे बॅग हरवण्यापेक्षा तिची वाट पाहणं हे दुखणं जुनं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा विभागाने सात कंपन्यांना बजावलं, की इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग १० मिनिटांत आणि शेवटची ३० मिनिटांत पट्ट्यावर आली पाहिजे. विमानतळाच्या जाहिरातीत हे दोन आकडे कधी दिसत नाहीत. खरं तर तेच दिसायला हवेत.

ह्यूस्टनच्या विमानतळाने यावर जी युक्ती केली ती व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून सांगतात. बॅगा उशिरा येतात अशा तक्रारी फार होत्या. माणसं वाढवली, वाट पाहण्याचा वेळ आठ मिनिटांवर आणला. तक्रारी तशाच. मग लक्षात आलं, की प्रवासी एका मिनिटात चालत पट्ट्यापाशी पोचतो आणि सात मिनिटं उभा राहतो. विमानं लांबच्या गेटवर लावू लागले, बॅगा सर्वांत दूरच्या पट्ट्यावर पाठवल्या. प्रवासी सहापट चालू लागला आणि तक्रारी जवळजवळ संपल्या. म्हणजे वर ज्या अंतराला मी शिव्या घातल्या, तेच इथे औषध म्हणून पाजलं गेलं. हुशारी आहे यात शंका नाही. फसवणूक किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

पाण्याचा आकडा साधा आहे. विमानतळासाठी भारतीय मानक दर माणशी दिवसाला ७० लिटर धरतं. ५५ हजारांना ७० ने गुणलं की ३८ लाख ५० हजार लिटर. सिंगापूरच्या चांगी विमानतळाला लागून २०१९ साली ‘ज्युएल’ उघडलं. त्याच्या छतातून ४० मीटर उंचीवरून धबधबा कोसळतो, मिनिटाला सुमारे ३७,८५० लिटर. नवी मुंबईचं दिवसाचं सगळं पाणी त्या धबधब्यातून एक तास बेचाळीस मिनिटांत वाहून जाईल. सिंगापूरकर तेच पाणी पुन्हा पुन्हा वर चढवतात, म्हणून त्यांना परवडतं, आणि पाहायला लोक तिकीट नसतानाही येतात.

पण शौचालय सरासरीवर चालत नाही. १८६ आसनांचं विमान लागलं, की शेवटची वीस-पंचवीस मिनिटं पट्टा बांधून बसलेली माणसं एकदम सुटतात. त्यातल्या एक तृतीयांश जणांनी वाटेतलं पहिलं शौचालय गाठलं, तर पाच मिनिटांत साठ माणसं दाराशी. शेजारच्या एरोब्रिजला दुसरं विमान लागलेलं असेल तर एकशेवीस. मग पाऊण तास तिथे कुणी फिरकत नाही. म्हणून पाच-सहा खोल्यांचं शौचालय कागदावर भरपूर असतं आणि प्रत्यक्षात बायकांची रांग वाटेपर्यंत येते. पुरुष आणि स्त्रियांना सारखं क्षेत्रफळ देणारे नकाशे अजून मंजूर होतात. चौरस मीटर सारखे असले तरी लागणारी मिनिटं सारखी नसतात, हे नकाशावर दिसत नाही.

मोबाइल चार्जिंगचा हिशेब मात्र गमतीचा आहे. पाच हजार एमएएचची बॅटरी शून्यापासून पूर्ण भरायला सुमारे १९ वॉट-तास लागतात. निघणाऱ्या सगळ्या २७,४०० प्रवाशांचे फोन रिकामे आले आणि पूर्ण भरून गेले, तरी गळती धरून दिवसाला ६०० युनिट पुरे. युनिटला १० रुपये धरा: सहा हजार रुपये. नवी मुंबई विमानतळावर ४७ मेगावॉटच्या सौरऊर्जेची योजना आहे. भर उन्हात तिला ही वीज तयार करायला पाऊण मिनिट लागेल. १९,६५० कोटींच्या वास्तूत सर्वांचे फोन भरायला रोजचे सहा हजार रुपये! तरीही देशातल्या कोणत्याही टर्मिनलमध्ये जा, भिंतीतल्या एका सॉकेटभोवती फरशीवर बसलेली चार माणसं सापडतातच. वीज स्वस्त आहे; खुर्चीजवळ सॉकेट आणून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलेलं नसतं.

जिथे वाट पाहणारा माणूस आहे तिथे दुकानदार येणार, हे आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर १९४७ साली सिद्ध झालं. अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथे इंधन भरायला थांबत, प्रवासी रिकामे बसत. ब्रेंडन ओ’रीगन यांनी त्यांच्यासाठी जगातलं पहिलं ड्यूटी-फ्री दुकान काढलं. आज जगभरच्या विमानतळांचं सुमारे ४० टक्के उत्पन्न दुकानं, पार्किंग, जाहिराती यांतून येतं. भारतात २०१६ च्या विमान वाहतूक धोरणानुसार या उत्पन्नाचा ३० टक्के हिस्सा विमानतळ शुल्काचा भार हलका करायला वापरतात. म्हणजे महाग चहा पिणारा आपल्या तिकिटालाच थोडा हातभार लावत असतो, असं स्वतःचं समाधान करून घेता येतं.

समाधान फार टिकत नाही. रोज निघणाऱ्या प्रत्येकाने दोनशे रुपयांचा एक चहा घेतला असं धरलं, तर वर्षाची उलाढाल २०० कोटी. तोच चहा दहा रुपयांना विकला तर दहा कोटी. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ उघडला: चहा १० रुपये, पाण्याची बाटली १० रुपये, समोसा २० रुपये. अलीकडच्या काळात विमानतळावरच्या कोणत्याही भव्य गोष्टीपेक्षा या दहा रुपयांची चर्चा जास्त झाली. लाउंजचा किस्सा याच्या उलट. कार्डावर दोन रुपये कापून पोटभर जेवण मिळतं हे सगळ्यांना कळलं, आणि गर्दी टाळण्यासाठी असलेल्या जागेबाहेर गेटपेक्षा मोठी रांग लागू लागली. बँकांनी अटी घातल्या तेव्हा ती जरा ओसरली.

आणि हे सगळं पहिल्या टप्प्याचं. नवी मुंबईत शेवटी चार टर्मिनल आणि वर्षाला ९ कोटी प्रवासी अशी योजना आहे. दोन तासांचा तोच हिशेब लावला, तर रोज २८ वर्षं. म्हणजे दर अडीच दिवसांनी एक आयुष्य. चारही टर्मिनल जोडायला चालकाविना धावणारी गाडी असणार आहे, कारण एवढं अंतर सरकत्या पट्ट्यांच्या आवाक्यातलं नाही. त्या गाडीसाठी फलाट लागतील, फलाटांवर बाकं लागतील, आणि पुढची गाडी किती मिनिटांत येणार हे सांगणारे फलकही.